शम्साचे चार दात

मित्रांनो, मी एक जुना दस्ता आहे. कागदांचा नव्हे हं, रायफलचा!

रायफल म्हटलं की सगळ्यांना नळी आठवते, नाहीतर खट-खटाक् करत मागेपुढे सरकणारा तो बोल्ट. लोखंडाचा भाव कायम वरच! पण ज्या लाकडाला गाल टेकवून माणूस नेम धरतो ना, ते लाकूड म्हणजे मी.

दूरच्या एका थंड देशात अक्रोडाच्या झाडातून मला कोरून काढलं. जहाजानं मी मस्कतला आलो आणि तिथून उंटावर बसून थेट वाळवंटातल्या अल ऐन गावी. तिथे खलफान नावाच्या तरुणानं मला खांद्याला लावून पाहिलं आणि तो हसला. झालं, मी त्याचा झालो.

तेव्हा अल ऐनमध्ये धड रस्ते नव्हते की दवाखाना नव्हता. खलफान मला घेऊन डोंगरात हरणामागे जायचा. गोळ्या मोजक्याच, त्यामुळे घाई अजिबात नाही. माझ्यावर टेकलेला त्याचा श्वास थांबला की मला कळायचं, आता! त्या संध्याकाळी सगळ्या वस्तीत मटण शिजायचं आणि माझं काय कौतुक व्हायचं, काय सांगू!

घरी आल्यावर तो बोल्ट काढून उंच टांगायचा आणि मला चटईवर ठेवायचा. मग रांगत रांगत यायची शम्सा, त्याची तान्ही लेक. तिला दात येत होते. हिरड्या शिवशिवायच्या बिचारीच्या! ती रोज माझी एकच कड तोंडात धरून कुरतडायची. सगळे ओरडायचे. खलफान मात्र म्हणायचा, "खाऊ दे, माझी शिकारीण आहे ती." त्या कडेवर तिच्या चार दातांच्या खुणा उमटल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तापानं शम्सा गेली. तिचा एकही फोटो नव्हता. उरल्या फक्त त्या चार खुणा, माझ्या अंगावर.

वर्षं गेली. शिकारीवर बंदी आली आणि ते बरंच झालं, डोंगरात हरणं उरली होती कुठे? मी बैठकीच्या भिंतीवर गेलो. जुन्या रायफलींचे शौकीन यायचे, बोल्टवरचे आकडे वाचायचे, माना डोलवायचे. मला कोणी विचारायचं नाही. एसीच्या कोरड्या हवेनं मला चीर गेली. खलफानच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण रोज संध्याकाळी त्याचा अंगठा त्या खुणांवरून फिरायचा, म्हणून मला कसलंच दुःख नव्हतं.

मग १९९८ साली त्याचा मुलगा राशिद मला प्रदर्शनात मांडायला निघाला. लोखंड घरी कुलपात राहिलं आणि मी एकटा पोचलो तय्यबच्या सुतारकामाच्या दुकानात. तय्यब रत्नागिरीकडचा, हात सोन्याचा. राशिद म्हणाला, "एकदम नया माफिक करो. यल्ला, जल्दी!"

तय्यबनं माझी चीर सुरेख सांधली. दबलेलं टोक फुलून यावं म्हणून त्यावर गरम ओलं फडकं गुंडाळलं. मग त्याला त्या खुणा दिसल्या.

"उंदरानं कुरतडलंय वाटतं," तो पुटपुटला आणि त्यानं चारही खड्डे लांबीनं, म्हणजे सुताराच्या त्या चिकट पुट्टीनं, भरून टाकले!

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. लांबी वाळली की पॉलिश पेपर फिरणार आणि शम्सा कायमची पुसली जाणार!

तेवढ्यात तय्यबची बायको मैमुनाबी डबा घेऊन आली, कडेवर धाकटा हम्माद. आणि तिच्या पाठोपाठ, राशिदचा हात धरून, खलफान. त्यानं मला मांडीवर घेतलं. अंगठा माझ्या त्या कडेवर गेला. पुन्हा गेला. थांबला.

"शम्सा किधर?"

तय्यब गोंधळला. "बाबा, इधर कोई शम्सा नहीं है."

"मेरा बेटी. इधर उसका दाँत था." त्यानं मला मांडीवरून दूर सारलं. "ये बंदूक मेरा नहीं."

तय्यबच्या हातातला पॉलिश पेपर गळून पडला.

"या अल्ला! अहो, बाळाचे दात ओळखता नाही आले तुम्हाला?" मैमुनाबी म्हणाली. "आपलं पोर तुमच्या हातोडीची मूठ चावतं रोज!"

"मला वाटलं, उंदीर..."

"द्या इकडे. आणि हम्मादला धरा."

लांबी ओलीच होती. मैमुनाबीनं ओढणीची पिन काढली आणि पोराच्या ताटातले माशाचे काटे वेचावेत तशी ती कण कण वेचू लागली. लाकडाला ओरखडासुद्धा नाही! एक दात. दुसरा. तिसरा. चौथा.

खलफानचा अंगठा चारही खुणांत नीट बसला. "हाँ," तो हळूच म्हणाला. "इधर है."

सगळे त्याच्याकडे बघत होते, म्हणून हम्मादकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बापाच्या हातावरून वाकून त्यानं माझं फडकं सुटलेलं ओलं, मऊ टोक तोंडात धरलं होतं. त्याला ओढून काढलं तेव्हा तिथे दोन नव्या खुणा होत्या.

तय्यब पांढराफटक! "बाबा, माफ करो, मैं अभी भर देता..."

खलफाननं चाचपडत त्या खुणा शोधल्या, मग हम्मादचं लाळेनं भिजलेलं तोंड. आणि किती वर्षांनी तो खळखळून हसला!

"रहने दो," तो म्हणाला. "पॉलिश खलास."

मी प्रदर्शनात गेलोच नाही. आता भिंतीवरही नसतो, त्याच्या उशाशी असतो. म्हणून मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चकचकीत करायला घ्याल ना, तेव्हा आधी एक करा. तिच्यावरचा खड्डा कोणाचा आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि त्यांनी सांगेपर्यंत लांबीचा डबा उघडू नका.