हेलिकॉप्टरमधला कृष्ण

पडद्यावर हेलिकॉप्टर उतरलं आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग शेजारचा हसला. बघता बघता हसू स्टुडिओच्या छोट्याशा थिएटरभर पसरलं. शेवटच्या रांगेत बसलेली ताई खुर्चीत खाली सरकली, कारण तो प्रसंग हसण्याचा नव्हता.

महाभारत आजच्या काळात घडतंय, असा तो सिनेमा. राजघराण्याच्या जागी सिमेंटची कंपनी, द्यूतसभेच्या जागी संचालकांची बैठक. द्रौपदी कंपनीची वकील. भर बैठकीत तिचे खासगी फोटो भिंतीवर दाखवले जातात, ती एकेकाला जाब विचारते, आणि तेवढ्यात काळा चष्मा लावलेला कृष्ण गच्चीवर उतरतो. पाठोपाठ गाणं सुरू.

दिग्दर्शक होता ताईचा धाकटा भाऊ. युनिटमध्ये सगळ्यांचा ‘सर’, घरी बाळ्या. सिनेमाचं संकलन ताईचं. पाच महिने दोघं एका खोलीत मांडीला मांडी लावून बसली होती. हसू ऐकून बाळ्याने पहिल्या रांगेतून मान वळवली आणि अंधारात तिला शोधलं. तिने नजर चुकवली.

दिवे लागल्यावर कॅमेरामनने “कमाल, सर!” म्हणत मिठी मारली. बोलावलेले पन्नासेक पाहुणे तोंडदेखलं कौतुक करून सटकले. बाळ्या कुणासाठी थांबला नाही. तडक जिना चढून एडिटिंगच्या खोलीत गेला आणि ताई आत येताच त्याने दार लावून घेतलं.

“तू बोल.”

“काय बोलू?”

“बाकीच्यांचं ऐकून झालंय. तुझं ऐकायचंय.”

ताईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. “जमला नाही रे सिनेमा.”

त्याचा चेहरा पडला नाही, उलट ताठ झाला. “कधी कळलं तुला?”

नेमका हाच प्रश्न येऊ नये, असं तिला वाटत होतं. “तिसऱ्या महिन्यात.”

“आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस? मी रोज विचारायचो, ताई! रोज तू म्हणायचीस, छान चाललंय.”

“मागचा सिनेमा पडला तेव्हा सात आठवडे तू खोलीबाहेर आला नव्हतास. तुझा श्वास ऐकू येतोय का, म्हणून आई दाराला कान लावून बसायची. परत ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती.”

“म्हणजे मी आजारी माणूस. मला जपायचं!” त्याने टेबलावर हात आपटला. कीबोर्ड घसरून खाली पडला. “सिनेमा वाईट झाला, ते मी निस्तरलं असतं. पण मी तुझ्या शब्दावर पुढे जात होतो गं.”

तो दाराकडे वळला, तशी ती घाईने म्हणाली, “थांब. शिव्या नंतर घाल. आधी हे बघ.”

तिने एक तुकडा लावला. प्रसंग तोच. अभिनेत्रीचे संवाद संपलेले, पण त्या दिवशी बाळ्या ‘कट’ म्हणायला विसरला होता. ती नुसती उभी. टेबलाभोवती म्हातारे संचालक. एक पेनाचं टोपण काढतोय, घालतोय. दुसरा पाण्याचा ग्लास उगाच सरकवतोय. कुणी मान वर करत नाही. तिच्या मदतीला कुणी येत नाही. बावीस सेकंद.

“परत लाव,” बाळ्या म्हणाला. तिसऱ्यांदा लावल्यावर तो खाली बसला. “हेलिकॉप्टर काढ. गाणंही.”

दुपारचा दीड वाजला होता. प्रत आठच्या आत वितरकाकडे पोचायची होती. बाळ्याने निर्मात्याला फोन लावला, तर तो फोनवरच खेकसला, “वेड लागलंय का? सगळ्या पोस्टरवर गाणंच आहे!”

बाळ्याने आवाज चढवला नाही. “गाणं शेवटी, नावांवर टाकतो. मधे ठेवणार असाल तर माझं नाव काढा.”

निर्मात्याने आधी एक शिवी हासडली. मग, “आठनंतर एक मिनिट जरी झालं, तरी जुनी प्रत जाईल.”

गाणं काढलं तसं खालचं संगीत तुटलं. पुढच्या प्रसंगात नायक हेलिकॉप्टरबद्दल बोलत होता, तिथे ते वाक्य कापून, त्याची पाठ दाखवून वेळ मारून न्यावी लागली. कामापलीकडे दोघं एक शब्द बोलली नाहीत. सात पन्नासला नवी प्रत तयार होताना कॉम्प्युटर चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडकून बसला आणि दोघांचाही जीव टांगणीला लागला. आठला तीन मिनिटं असताना प्रत गेली.

सिनेमा पडायचा तो पडलाच. एका प्रसंगाने तीन तासांचं असं काय भलं होणार? परीक्षकांनी धू धू धुतलं. बाळ्याने या वेळी स्वतःला कोंडून घेतलं नाही, पण ताईशी बोलणं टाकलं. जेवताना लोणचंही तो आईला सांगून मागायचा.

चौथ्या दिवशी ताई एकटीच दुपारच्या खेळाला गेली आणि बाहेर येऊन तिने त्याला फोन केला. त्याने उचलला.

“अठरा माणसं होती,” ती म्हणाली. “मध्यंतरानंतर अकरा. युद्धाच्या प्रसंगाला जागी होती ती सगळी हसली. एक घोरत होता.”

“आणि बैठकीला?”

“बैठकीला कुणी हललंसुद्धा नाही. पुढची बाई तर पिशवीत हात घालून तशीच बसली होती.”

“तशीच?” त्याने विचारलं. मग म्हणाला, “तो घोरणारा उठला का?”

“नाही रे.”

“खरं सांगतेयस ना?”

“अगदी खरं. शेवटपर्यंत घोरत होता.”

पलीकडून आधी नुसता उसासा आला. मग बाळ्याला हसू फुटलं, आणि त्याला हसताना ऐकून रस्त्याच्या कडेला ताईला रडू आवरेना.