गाडीला वजन लागतं

"तेलाचा भाव आज पुन्हा उतरला बघ," ताईने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं.

सारथींनी चहाचा कप खाली ठेवला आणि आजारी नातलगाची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "फार?"

"फार. आता तरी हस थोडा. अख्खं शहर हसतंय."

शहर हसत होतं हे खरंच. पंपावर लोक टाकी काठोकाठ भरून घेत होते. कोपऱ्यावरून पाव आणायलासुद्धा गाडी निघत होती. शेजारचे गृहस्थ तर गाडी धुताना इंजिन चालू ठेवत. का, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. भाव चढावा म्हणून मनातल्या मनात धावा करणारा माणूस उभ्या शहरात एकच होता, आणि तो जमीन मोजणीच्या कचेरीत हेडक्लार्क होता.

सारथी हे नाव त्यांना गाडीतल्या माणसांनी दिलेलं. पेट्रोल परवडेनासं झालं त्या वर्षी तिघेजण वर्गणी काढून त्यांच्या जुन्या, लांबलचक गाडीने कामावर जाऊ लागले. हॉस्पिटलातल्या नर्सबाई पुढे बसत आणि रस्त्यावरच्या माणसाची चाल पाहून त्याला काय झालंय ते सांगत. मागे बँकेतले कॅशियर जगाच्या अर्थकारणावर बोलत, आणि त्यांच्या शेजारी पाइप कारखान्यातला वेल्डर. वेल्डर काच उघडायचा, कॅशियर ती बंद करायचे. सारथी रोज कुरकुरत. "मी काय बस चालवतो? तुमच्या पायी माझी गाडी खंगली," असं ते इतकी वर्षं इतक्या मनापासून म्हणत आले की सगळ्यांना ते खरं वाटलं. तीच तर पंचाईत झाली.

कारण भाव घसरला, बँका वाहनांसाठी बोलावून बोलावून कर्ज देऊ लागल्या, आणि तिघांच्याही मनात एकच विचार आला: बिचाऱ्यांना आता आणखी किती छळायचं? कॅशियरनी मोठी गाडी घेतली, नर्सबाईंनी छोटी, वेल्डरने मोटरसायकल. जाताना तिघांनी मिळून सारथींना नवी सीटकव्हरं भेट दिली. चारही सीटांची.

"सुटलो एकदाचा," सारथी म्हणाले. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याला त्यांनी सणसणीत शिवी हासडली, आणि ती ऐकायला गाडीत कोणी नाही हे लक्षात आल्यावर त्यांना कसंतरीच झालं. घरी ताई होती, पण थोरल्या बहिणीला त्यांचं सगळं बोलणं पाठ होतं. कचेरीत ते साहेब, आणि साहेबाशी कोण गप्पा मारतं? त्यांचं माणसांत असणं जे काही होतं, ते त्या रस्त्यावर होतं. आता ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

एकदा फळवाल्याकडे नर्सबाई भेटल्या.

"काय म्हणते गाडी?"

"गाडीचं काही विचारू नका. रिकामी चालवली की डावीकडे ओढते. तिला वजन लागतं हो."

"मग मागे वाळूचं पोतं टाका की."

"पोतं?"

"दोन टाका. आमच्यापेक्षा शांत बसतील," नर्सबाई म्हणाल्या, आणि केळी घेऊन निघून गेल्या.

ताईला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "सरळ 'या हो' म्हणायला काय जीभ झडते तुझी?"

"मी का म्हणू? त्यांनी म्हणावं."

"मग बस भाव चढायची वाट बघत!"

भाव काही चढला नाही. एका मंगळवारी पुलावर गाड्या अशा तुंबल्या की पुढे सरकायचं नाव नाही. जो तो स्वतःची गाडी घेऊन निघालेला, आणि एकेका गाडीत एकेक माणूस. सारथींनी कंटाळून डावीकडे पाहिलं तर नर्सबाई. उजवीकडे पाहिलं तर कॅशियर. भराभर काचा खाली झाल्या.

"पूर्वी एव्हाना पोचून माझा चहासुद्धा झालेला असायचा!" नर्सबाई ओरडल्या.

"हा भरभराटीचा त्रास आहे," कॅशियर म्हणाले. "तेल स्वस्त, म्हणजे वाहतूक स्वस्त, म्हणजे माल स्वस्त. सगळ्यांची चांदी."

"चांदीत बसून माझी ड्यूटी बुडतेय, त्याचं काय? आणि तो पुढच्या हिरव्या गाडीतला बघा कसा तिरका बसलाय. मूळव्याध!"

सारथी पोट धरून हसले. किती दिवसांनी असं झालं होतं. "आपला वेल्डर हवा होता आत्ता," ते म्हणाले.

तेवढ्यात वेल्डर दिसला. गाड्यांच्या मधून वाट काढत, हातात जेवणाचा डबा घेऊन तो चालत येत होता.

"अरे, मोटरसायकल कुठाय तुझी?"

"दिली परत. पगार अर्धा केला तेव्हाच हप्ता जड झाला होता. काल तर कारखान्याला टाळंच लावलं." तो ओशाळून हसला. "आमचे पाइप तेलविहिरींना जायचे ना. तेलालाच भाव नाही तर नव्या विहिरी कोण खणतंय? मालक म्हणाले, एवढे पाइप घेऊन मी काय बँड काढू?"

कॅशियर स्टिअरिंगवर नसलेली धूळ पुसू लागले. सारथींना वेल्डरचं फार वाईट वाटलं, आणि तरीही तो दिसल्याचा आनंद काही जाईना, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

"ये, बस," ते म्हणाले.

"नको. मला कुठे पोचायचंय आता? उगाच तुम्हाला त्रास."

गाडीला वजन लागतं, हे वाक्य सारथींच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. दोन्ही बाजूंच्या काचा खाली आहेत, दोघंही ऐकताहेत, हे माहीत असूनही ते म्हणाले, "त्रास कसला? मला एकट्याला करमत नाही रे गाडीत. तू बसलास तर बरं वाटेल."

वेल्डरने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हा माणूस आपली कीव करत नाहीये, खरंच विचारतोय, अशी खात्री झाल्यावर तो वळसा घालून पुढच्या सीटवर येऊन बसला.

"कुठे सोडू?"

"तुमच्या कचेरीपर्यंत येतो. तिथून चालत घरी जाईन. बायकोला अजून सांगितलं नाहीये. वाटेत शब्द जुळवतो."

"मोठ्याने जुळव. मी ऐकतो."

वेल्डरने घसा खाकरला. "हे बघ, घाबरू नकोस..."

"असं म्हटलं की कोणीही घाबरेल. दुसरं."

"आज मी जरा लवकर आलो, कारण..."

"भर सकाळी दारात दिसलास की तिला आधीच कळेल. पुढचं."

पूल हळूहळू मोकळा झाला. नर्सबाई हात हलवून हॉस्पिटलकडे वळल्या, कॅशियर न बघताच बँकेकडे गेले. कचेरीचं फाटक आलं तेव्हा वेल्डर अजून पहिल्याच वाक्यावर अडला होता. पहारेकऱ्याने सलामासाठी हात वर केला. सारथींनी गाडी वळवली नाही, तशीच सरळ पुढे नेली. पेट्रोल स्वस्तच होतं.