मानाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. चांगुणाबाईंनी मला हिंगोलीच्या बाजारातून घेतलं, तेव्हा दुकानदाराने घरघरत्या यंत्राने माझ्या झाकणावर 'सोनाजी' असं नाव कोरलं. त्यांच्या नवऱ्याला नुकतीच सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती.

माझी उमेदीची वर्षं कचेरीतल्या जेवणाच्या टेबलावर गेली. माझ्यातला ठेचा सगळ्यांना आवडायचा. भागवतराव तर न विचारताच माझं झाकण उघडायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पुढे सोनाजींना बढती मिळाली. त्या दुपारी भागवतराव भाकरीला ठेचा लावत म्हणाले, "या जावईबापू! सरकारचे जावई तुमी. आमी बसतो इथंच खुर्च्या झिजवत." सगळे हसले. राखीव जागेवरून आलेल्या माणसाला असं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. सोनाजीही थोडं हसले. मग तेच त्यांचं नाव पडलं. फाइल मागताना जावई, चहा सांगताना जावई.

एके दिवशी त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"भागवतराव, हा शब्द मला लावू नका."

"काहून? जावई काय शिवी हाय व्हय? मानाचा शब्द हाय तो!"

"मानाचा हाय ना? मंग द्या तुमची पोरगी आमच्या घरात."

आता कुणी हसलं नाही. भागवतराव खरकट्या हातानेच साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. थोड्या वेळाने सोनाजींनाही आत बोलावलं.

"जावई म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही," साहेब सोनाजींना म्हणाले. "पण दुसऱ्याच्या लेकीचा विषय काढणं बराबर नाही. माफी मागा."

सोनाजींनी सगळ्यांदेखत माफी मागितली.

त्यानंतर माझं झाकण दुसऱ्या कुणी उघडलं नाही. जुन्या फाइलींच्या खोलीत, कपाटाआड सोनाजी एकटे जेवायचे. ठेचा तसाच घरी परत यायचा.

"लई तिखट झाला का?" चांगुणाबाई विचारायच्या.

"न्हाई. भूक नव्हती."

घरी त्यांनी एवढंच सांगितलं.

मग त्यांच्या लेकीचं, आकांक्षाचं लग्न झालं. तिच्या नवऱ्याला, आयुषला, घरातले सगळे कौतुकाने जावई म्हणत. सोनाजी नुसतं नाव घेत. "अहो, पहिल्यांदा घरी आलेत. जावईबापू म्हणा की!" चांगुणाबाई म्हणाल्या, तेव्हा ते पाणी आणायला उठून गेले.

यंदा सोनाजी वारले. कचेरीतून कुणीतरी मला पिशवीत घालून घरी पाठवलं. आकांक्षा मला घासायला बसली, तेव्हा आयुष तिच्यामागे उभा होता.

"बाबा मला कधीच जावई म्हणाले नाहीत. माझं काही चुकलं होतं का?"

ती झाकणावरच्या नावाच्या खाचा घासत राहिली. उत्तर मला ठाऊक होतं. पण मला विचारणार कोण?

मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगतो. 'हा शब्द मला लावू नका' असं कुणी म्हणालं, तर तेवढं ऐका. त्याला तो शब्द घरी, आपल्या माणसासाठी हवा असतो.