पुसलेले ठिपके

"फिर रे माझ्या चाका, पाणी घेत घेत,
धुक्यातल्या डोळ्याला उजेड देत देत."

हा आईचा आवाज. ती जाऊन इतकी वर्षं झाली की घराच्या भिंतींनीही आता तिची सवय सोडली आहे. पण दुकानामागच्या खोलीत काच घासायचं चाक सुरू झालं, पाण्याची बारीक धार त्यावर पडली, की तिच्या मोठ्या लेकीला तो आवाज अजून ऐकू येतो. आई गात गात काच घासायची आणि मध्येच ओळ तोडून म्हणायची, "अहो, हे तिरपं आलंय." बाबा हसायचे, "बरं बाई, दे इकडे," म्हणायचे आणि काच पुन्हा यंत्राखाली धरायचे. एवढंच. बाबांना तोंडावर चूक सांगणारा या घरातला तो शेवटचा आवाज.

चष्म्याचं दुकान तसं लहानच. पुढे काउंटर, आरसा, भिंतीवर फ्रेमांच्या रांगा. मागे कामाची खोली. काम तीन हातांतून जायचं. बाबा कोरी गोल काच यंत्राखाली धरून नंबर बघायचे आणि तिच्यावर शाईचे तीन ठिपके द्यायचे, एका रेषेत. ती रेष म्हणजे काच फ्रेममध्ये कशी बसणार याची खूण. ज्यांचा नंबर तिरपा असतो त्यांची काच त्या रेषेवरून जराशी जरी फिरली तरी सपाट जमीन कलते, पायरी असते तिथे दिसत नाही. मग मोठी त्या ठिपक्यांच्या आधाराने काच घासून फ्रेमच्या आकाराला आणायची. शेवटी धाकटा. त्याने तयार चष्मा पुन्हा यंत्राखाली धरायचा, डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघायचा, आणि सगळं जुळलं तरच फडक्याला स्पिरिट लावून ठिपके पुसायचे. घराचा नियमच होता, ठिपके पुसणारा तो शेवटचा बघणारा. पुसलेली काच म्हणजे बघितलेली काच. त्यावर पुन्हा कुणी शंका घ्यायची नाही.

धाकट्याला घरात भोवरा म्हणत. लहानपणी एका जागी म्हणून ठरायचा नाही. आता हा ऐन पंचविशीतला भोवरा माळ्यावर संगणकासमोर बसला की जेवायच्या हाकांनीही हलत नसे. किल्ले राखायचा खेळ. पाच जणांची टोळी, चौघं कुठल्या कुठल्या देशांतली, आणि हा त्यांचा म्होरक्या. दुकानातून वर, वरून ताटावर, ताटावरून पुन्हा वर. दुकानात असला तरी काउंटरखाली मोबाईल असायचाच, कारण टोळीचं बोलणं तिथेही चालू.

बाबा याला व्यसन म्हणत. मोठी म्हणायची, नाद आहे, व्यसन नव्हे. आत्या दुपारभर एकामागून एक मालिका बघते, मध्ये कुणी दार वाजवलं तर उठत नाही, तिला कुणी व्यसनी म्हणतं का? बाबा सकाळचं शब्दकोडं सुटल्याशिवाय आंघोळीला जात नाहीत, ते काय मग? त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं असे. कोड्याने डोकं चालतं, खेळाने फिरतं.

भांडण असं वर्षभर कढत होतं, उतू जात नव्हतं. शिवणवाल्या बाई आल्या त्या दिवशी ते उतू गेलं.

बाई समोरच्याच गल्लीत कपडे शिवायच्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये आणि डाव्या हातात नवा चष्मा. तो त्यांनी काउंटरवर ठेवला, आपटला नाही. आपटला असता तर बरं झालं असतं. घातल्या दिवसापासून जमीन होडीसारखी कलत होती, सवय होईल म्हणून त्या घालत राहिल्या, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय हवेत पडला. मनगट मोडलं. शिवणारणीचं मनगट. आता मी कात्री कशानं धरू, ते सांगा, एवढं म्हणून त्या उभ्या राहिल्या.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. बाबांनी चष्मा हातात घेतला, यंत्राकडे गेलेसुद्धा नाहीत. वळून, सगळ्यांच्या देखत, भोवऱ्याकडे बोट केलं.

"हा बघा. याला विचारा. दिवसरात्र गेम. व्यसनी आहे माझा मुलगा."

भोवरा मान खाली घालून फडकं घडी करत राहिला, घडी मोडून पुन्हा घडी करत राहिला. मोठीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाइकांसमोर बापाला बोलायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की तिने फक्त बाईंना खुर्ची दिली आणि नव्या काचा आजच बसवून देते, म्हणाली.

काच तिने आत नेऊन यंत्राखाली धरली. चांगलीच फिरलेली होती. आणि ती का फिरली, हेही तिला तत्क्षणी कळलं.

कारण बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. चष्मेवाल्याच्या डोळ्यात. ते कुणाला सांगत नव्हते, तपासूनही घेत नव्हते. पण चहा कपाच्या कडेवर ओतायचे, बिलांवरच्या तारखा कागद दूर धरून वाचायचे, आणि ठिपके तिरपे द्यायचे. दिवाळखोर माणसासारखं ते लपवत होते आणि मोठी ते त्यांच्यापेक्षा जास्त लपवत होती. घासण्याआधी प्रत्येक काच ती गुपचूप पुन्हा यंत्राखाली धरायची, बाबांचे ठिपके पुसून आपले द्यायची, मग चाक सुरू करायची. बाईंचा चष्मा झाला त्या दिवशी मात्र ती फ्रेमा आणायला घाऊक बाजारात गेली होती. ठिपके बाबांचे, घासणंही बाबांचं.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या आठवड्यात आत्या दोनदा येऊन गेली. तिच्या ओळखीत एक घर होतं, गावाबाहेर, मोठ्या फाटकाचं. दारू सोडवतात, गोळ्या सोडवतात, आता मोबाईलही सोडवतात. फाटकाला कुलूप, तीन महिने घरच्यांशी बोलणं बंद. आत्याच्या नणंदेचा मुलगा तिथून असा सरळ होऊन आला की विचारू नका, आता हाक मारल्याशिवाय बोलतसुद्धा नाही. आत्याला ही स्तुतीच वाटत होती. रविवारी सकाळी त्यांची गाडी येईल, असं बाबांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

मोठी शनिवारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई ओळखीच्या होत्या, चष्मा याच दुकानाचा. मोठीने दारातच विचारलं, गेम खेळणं हे व्यसन असतं का, हो की नाही एवढंच सांगा. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, नुसत्या तासांवरून ठरत नाही. पुष्कळ जण पुष्कळ खेळतात आणि त्यांना काहीही झालेलं नसतं. मोठी तिथेच उठणार होती, तिला हवं ते मिळालं होतं. पण बाई पुढे बोलत राहिल्या. थांबायचं ठरवून थांबता येतं का, नुकसान दिसत असूनही हात तिकडेच जातो का, बाकी सगळ्याची चव गेली आहे का, हे त्यालाच विचारावं लागेल. घेऊन या त्याला. कुलूप घालणाऱ्यांकडे मात्र पाठवू नका.

मोठीने यातलं पहिलं आणि शेवटचं पदरात बांधलं. मधलं दवाखान्याच्या पायरीवर ठेवून आली.

रविवारी दुकान बंद. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात भोवऱ्याची पिशवी उभी होती, आत्याने भरलेली. आत्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून सांगत होती की हे त्याच्याच भल्याचं आहे, पुढे हाच पाया पडेल. बाबा शटरशी येरझारा घालत होते. भोवरा काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर. मोबाईल बाबांनी काढून घेतलेला, तरी त्याचा अंगठा गुडघ्यावर आपला आपला हलत होता.

मोठीने आधी शांतपणे सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणतात तासांवरून ठरत नाही. कुलपाच्या घरात पाठवू नका म्हणतात. बाबा म्हणाले, डॉक्टरला काय जातंय सांगायला, मनगट काय तिचं मोडलंय? आत्याने मान डोलावली. म्हणाली, बाईमाणसाचा हात मोडला यानं, अजून तू त्याचीच बाजू घेतेस, तुझ्या लाडानंच वाया गेला तो.

तेव्हा मोठी आतून एक कोरी काच घेऊन आली. यंत्र काउंटरवर ओढलं. दौतीतली शाई पुढे सरकवली.

"बाबा, ठिपके द्या."

बाबा थांबले. आज रविवार आहे, म्हणाले. मग म्हणाले, ही काय वेळ आहे. मोठी काच धरून तशीच उभी राहिली. शेवटी ते बसले, कारण न बसणं त्याहून वाईट दिसलं असतं. यंत्राला डोळा लावला, मान इकडे केली, तिकडे केली, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तीन ठिपके टाकले, टक, टक, टक.

मोठीने आत्याला उठवलं आणि यंत्रातून बघायला लावलं. आत हिरव्या रेघा होत्या, एक उभी, एक आडवी, आणि आडव्या रेघेवर बसायला हवे होते ते तीन ठिपके उतरणीवरून घरंगळल्यासारखे दिसत होते. आत्याला यंत्रातलं काही कळत नसे. पण तिरपं ते कुणालाही दिसतं.

"दोन वर्षं मी तुमचे ठिपके पुसतेय," मोठी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की आत्याला वाकून ऐकावं लागलं. "उजव्या डोळ्यात पडदा आलाय तुमच्या. गल्लीतल्या सगळ्यांना चष्मे देता आणि स्वतःचा एक डोळा तपासून घेववत नाही. बाईंच्या काचेवर ठिपके तुम्ही दिलेत, ती घासलीतही तुम्हीच. आणि भर दुकानात बोट कुणाकडे केलंत? याच्याकडे. का, तर हा खेळतो. खेळतो म्हणून काहीही याच्या माथी मारता येतं. आंधळं व्हायची लाज वाटते तुम्हाला, आणि पोराला व्यसनी म्हणायची नाही वाटत?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला नाही. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा कुणी फारसा पाहिला नव्हता. नाकाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले, आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारा माणूस. आत्या पुटपुटली, हे आधी नाही का सांगायचं, दादा. मग तिने पिशवी उन्हाच्या पट्टीतून उचलून आपल्या पायांशी घेतली, जशी चुकून दुसऱ्याची उचलली असावी.

शटरबाहेर गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला.

मोठीने खाली वाकून बाहेर बघितलं आणि गाडीवाल्याला सांगितलं, परत जा, इथे कुणी व्यसनी नाही. हे सांगताना तिला फार बरं वाटलं. वर्षभराचा राग एका वाक्यात मावला. ती वळली, भावाच्या खांद्यावर हात ठेवायला.

भोवरा उभा होता. चेहरा पांढरा, आणि त्यावर सुटल्याचं काहीच नव्हतं. त्याने तो हात झटकला.

"तो चष्मा माझ्या हातातून गेला, ताई."

मोठी म्हणाली, हो रे, पण काच फिरली होती ती तुझ्यामुळे नाही, उगाच अंगावर घेऊ नकोस. काल डॉक्टरही म्हणाल्या... भोवऱ्याने तिला पुढे बोलू दिलं नाही.

"तुला कधी विचारावंसं वाटलं का मला? बाबा म्हणतात व्यसन, तू म्हणतेस नाद. दोघं माझ्यावरून भांडता आणि मी मध्ये स्टुलासारखा. ते ठिपके तिरपे होते. यंत्राखाली धरला असता तर दिसलं असतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. मी धरलाच नाही. काउंटरखाली मोबाईलवर किल्ला पडत होता, चौघं ओरडत होती. मी एका हाताने फडकं फिरवलं आणि दिला चष्मा. एकट्या बाईंचाच नाही. कित्येक दिवस मी सगळेच तसे देतोय. न बघता पुसतो. तू मागे जागून बाबांच्या चुका सावरतेस म्हणून एवढंच झालं, नाहीतर अर्धी गल्ली पडली असती."

बाहेर गाडीवाला इंजिन चालू ठेवून अजून थांबलेला होता. बाबांनी भोवऱ्याकडे पाहिलं, आणि चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक करून पाहिलं. मोठी म्हणाली, बरं, चुकलं. उद्यापासून बघत जा, झालं.

"उद्यापासून?" भोवरा म्हणाला. "बाई प्लॅस्टर घालून इथे उभ्या होत्या, तेव्हा मी फडकं का घडी करत होतो माहितेय? हात मोबाईलकडे जाऊ नये म्हणून. त्या कात्री कशानं धरू विचारत होत्या आणि मला वाटत होतं, ह्या कधी जातील. कितीदा काढून टाकला मी तो खेळ, पहाट व्हायच्या आत परत घेतला. आता मजाही येत नाही त्यात. मला कुलूप नको, आणि तुझं हे पांघरूणही नको. मला थांबता येत नाही, ताई."