साहेबी जबडा

सुबोध आपटे पुण्याहून निघाला तेव्हा त्याचा चेहरा गोल होता. सिंगापूरच्या बँकेत सहा वर्षं काढल्यावर तो चौकोनी झाला. कानांखाली दोन्हीकडे लिंबाएवढे गोळे उठले, हनुवटी रुंदावली आणि सुबोध लांबून एखाद्या सरकारी इमारतीसारखा दिसू लागला.

"बाबा अगदी लेगोमॅन लाह," लेक अवनी सिंगापुरी ढंगात म्हणाली. सकाळी सुबोधची कानशिलं ठणकत, बायको मेधा ती चेपून देई आणि या चेहऱ्याखाली जुना कुठे लागतोय का, ते बोटांनी चाचपून बघे.

बँकेत मात्र जबड्याची कीर्ती पसरली. मीटिंगमध्ये उत्तर सुचलं नाही की सुबोध दातांवर दात आवळून गप्प बसे. साहेबांना वाटे, काय हा निर्धार! २००८ सरता सरता बँकांचं काही खरं राहिलं नाही, तेव्हा त्याचे वरिष्ठ क्वेकसाहेब यांनी त्याला आत बोलावलं.

"विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. पहिलं काम अवघड आहे. एप्रिलमध्ये निम्म्या विभागाला घरी जायला सांगायचं. त्याला असाच चेहरा लागतो."

त्या निम्म्यात हेमचंद्र होता. सुबोधबरोबर एकाच विमानाने आलेला, सुरुवातीला क्लेमेंटी भागात एकाच खोलीत राहिलेला. नोकरी गेली की त्याचा कामाचा पासही जाणार, म्हणजे देशही सोडावा लागणार. सुबोधला 'नको' म्हणायचं होतं. पण दात सुटेचनात. साहेबांनी तो होकार धरला आणि हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडात पोहे जाईनात. "दातखीळ बसलीय तुझी," मेधा म्हणाली आणि त्याला जुरोंग ईस्टच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"रात्री काय खाता?" बाईंनी आत डोकावून विचारलं.

"भात."

"त्यानंतर?"

"काही नाही."

"मग दगड खात असाल. दाढा घासून सपाट झाल्यात." बाईंनी त्याचा गाल दाबला. "काळजीने माणूस झोपेत दात आवळतो. व्यायामाने दंड फुगतो, तसा हा चावायचा स्नायू फुगलाय. चेहरा तुमचाच आहे, फक्त पहिलवान झालाय." त्यांनी झोपताना दातांवर चढवायची पारदर्शक पट्टी करून दिली. "आणि दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे."

"पण तू झोपेत आवळतोस तरी काय?" मेधाने घरी विचारलं.

"च्युइंगगम," सुबोध ओशाळून म्हणाला. स्वप्नात तो एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, असे. डब्यात गुडघाभर कोमट पाणी, खिडकीबाहेरून मासे सावकाश ऑफिसला निघालेले. तोंडात च्युइंगगम, आणि या देशात ते विकायलाही बंदी! पाण्यावरून तरंगत एक पोलीसबाई येई आणि मायेने म्हणे, "अंकल, आ करा बघू." मग तो जिवाच्या कराराने तोंड मिटे.

पट्टी बसली आणि पोलीसबाई कंटाळून दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात बदली घेऊन गेली. दात सुटे ठेवले की सगळंच थोडं सैल पडतं, हे सुबोधला नव्याने कळलं. संध्याकाळी इमारती आपला भार खाली टेकवून उभ्या असत, त्यांच्यात दिवे पाझरत आणि आपण घरी चाललोय की घर आपल्याकडे येतंय, हे त्याला सांगता येत नसे. मार्चपर्यंत गालाचे गोळे निम्मे उतरले.

क्वेकसाहेब धास्तावले. "आपटे, तब्येत बरी आहे ना? तुम्ही आनंदी दिसताय. एप्रिलपर्यंत सावरा."

सुबोधने पट्टी लावणं बंद केलं. चारच दिवसांत कानशिलं पुन्हा ठणकू लागली. मेधाला पट्टी डबीत कोरडी सापडली.

"तुला खुर्ची हवी की तोंड?"

"दोन्ही."

"मग हेमूला तू कुठल्या तोंडाने सांगणार, ते ठरव."

त्या रात्री पट्टी पुन्हा दातांवर चढली.

एप्रिलच्या त्या दुपारी मोठ्या टेबलाभोवती बारा जबडे आवळून बसले होते. साहेबांनी सुबोधचं नाव घेतलं. नेहमीसारखे दात आवळावेत म्हणून त्याने तयारी केली, आणि त्याला जांभई आली. साधीसुधी नाही, सहा वर्षं अडवून ठेवलेली. ती टेबलावरून लाटेसारखी सरकत गेली. हिशेबवाल्या बाईंनी जांभई दिली, वकिलांनी दिली, शेवटी साहेबांनीही दिली. क्षणभर सगळी मंडळी तोंडं उघडून, पाणावल्या डोळ्यांनी, नुकतीच जन्मल्यासारखी एकमेकांकडे बघत राहिली.

तोंड उघडलंच आहे तर सुबोध बोलून गेला, "साहेब, मला खुर्ची नको. माझ्या माणसांना घरी जा म्हणणं माझ्याच्याने होणार नाही."

खुर्ची विभागातल्याच विवेकला मिळाली. त्याचा जबडा जन्मतःच चौकोनी होता. त्याने पहिलं नाव हेमचंद्रचं वाचलं, दुसरं सुबोधचं.

दोघं खालच्या खाऊगल्लीत, हॉकर सेंटरमध्ये, चहा घेऊन बसले.

"सुब्या, तू खुर्ची घेतली असतीस तरी मी गेलोच असतो."

"हो."

"आता तूही गेलास. मग मिळवलंस काय?"

हेमचंद्रने वळून पाहिलं, तर सुबोध खांबाला टेकून भर दुपारी झोपला होता. ओठ किंचित उघडे, गाल ढिले, चेहरा पार विरघळलेला. हेमचंद्रने त्याच्या चहाच्या ग्लासावर बशी ठेवली आणि त्याला उठवलं नाही.