शामरावांची वाटी

माझ्या घाईची कीर्ती आमच्या अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आहे, त्यामुळे नीलकंठच्या भट्टीतून केकऐवजी वीट निघाली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. मला मात्र रडू आलं.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि तेलीबांध्याला रोज नवी दुकानं उघडायला लागली. त्यातलीच एक नीलकंठची बेकरी. माझ्या सासूबाईंचा, म्हणजे मंदाकिनीबाईंचा, रव्याचा केक त्यानं पूर्वी एकदा खाल्ला होता. म्हणाला, दिवाळीला काउंटरवर ठेवतो, नावसुद्धा 'मंदाकिनी केक'. इकडे सासूबाईंचे हात वर्षभरापासून थरथरत होते आणि घरी केक होणं बंदच पडलं होतं. निदान बेकरीत तरी तो टिकावा म्हणून मी हट्टाला पेटले. पण सासूबाई मोजायच्या वाटीनं आणि नीलकंठ म्हणे, "दीदी, वाटी-बिटी नहीं, ग्राम में बताओ."

मी हाताला लागली ती वाटी उचलली, रवा तोलला आणि आला तोच आकडा मैद्याला, साखरेला, दह्याला ठोकून दिला. वाटी ती वाटी! तर अशी ती वीट.

"आज चार बजे तक ओव्हन खाली है," नीलकंठ म्हणाला. "फिर दिवाली का माल लगेगा. एक बार और देख लो."

वीट घेऊन घरी आले, तर सासूबाईंनी तिचा तुकडा चहात बुडवून चाखला.

"काहून वं, धान अन् त्याचाच फुगलेला मुर्रा एका काठ्याच्या मापानं मोजला तर वजन सारखं भरंल का? अन् वाटी कोणती घेतली?"

"कपाटातली."

"थे लहान आहे. केकात दूध तं वाटीनं नाही, अख्खं पाकीटच टाकतो ना आपण? मग कसं जमंल? माही वाटी शामरावांची."

शामराव म्हणजे सासूबाईंचे मामा. त्यांनी लग्नात दिलेल्या वाटीवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. दसऱ्याला ती श्रीखंड घेऊन समोरच्या प्रमोदिनीकाकूंकडे गेली, ती अजून आली नव्हती. काकू कोणाची वाटी रिकामी परत करत नाहीत.

मी धावत सुटले. अडीच वाजले होते.

"थांब ना पोट्टी," काकू म्हणाल्या. "चकलीची भाजणी दळाले गेली आहे. उद्या तळते, परवा पाठवते."

"काकू, चार वाजता ओव्हन हातचा जाईल! तशीच द्या!"

"रिकामी? तुह्या सासूले काय तोंड दाखवू मी?"

मी किंचाळणारच होते. तेवढ्यात ओट्यावरचं दह्याचं गाडगं दिसलं.

"दही घाला! काठोकाठ! मला दहीच हवंय!"

काकूंनी आनंदानं वाटी भरली. मी स्कूटी काढली, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर झाकलेली वाटी. गतिरोधक आला की माझा जीव वर-खाली. तेलीबांध्याला उतरून पाहिलं, तर त्या थरथरत्या हातांनी थेंबही सांडला नव्हता.

मग काट्यावर एकच धमाल उडाली. वाटीचं वजन वजा करून दही दोनशे पाच ग्रॅम. वाटी धुतली, पुसली. सासूबाई बोटानं भरलेली वाटी सपाट करत होत्या आणि नीलकंठ आकडे ओरडत होता. रवा एकशेचाळीस! मैदा एकशेदहा! साखर एकशेसत्तर! मी लिहून घेत होते आणि उड्या मारत होते, या वयात.

सव्वातीनला केक आत गेला. चारला बाहेर आला तो टम्म फुगलेला, सोनेरी. सासूबाईंनी गरम तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"माह्याच हातचा आहे," म्हणाल्या. "आता हात नाही चालले तरी चालंल."

मी आकड्यांचा कागद नीलकंठच्या हातात दिला.

घरी आल्यावर त्यांनी शामरावांच्या वाटीत केकचा तुकडा ठेवला. "प्रमोदिनीले दे. वाटी राहू दे तिच्याचकडे. आकडे लिहिले ना तू?"

मी देऊन आले. पण रात्रभर वाटत राहिलं, आकडे बेकरीला पुरतील, वाटी मात्र आपल्या घरीच हवी. सकाळी उठून पहिली काकूंच्या दारात गेले.

"वाटी हवीये."

"रिकामी कशी देऊ?"

"नका देऊ," मी म्हटलं आणि पाट ओढून बसले. "तळा चकल्या. मला काही घाई नाही."