परक्या हातचे केस

किल्लीवाल्याचं दुकान आणि वस्तादचं सलून समोरासमोर. मधली गल्ली इतकी अरुंद, की एकाला शिंक आली तर दुसऱ्याने दुकानातूनच विचारावं, "सर्दी झाली का रे?" पण गेली दोन वर्षं असं कुणी विचारत नव्हतं. वस्ताद रुसला होता. कारणही तसंच होतं. किल्लीवाल्याने त्याच्याकडे केस कापायला येणं सोडलं होतं, आणि केस मात्र कापलेले दिसत होते.

"काही लोकांना बाहेरचंच गोड लागतं," वस्ताद खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायचा, तोंड मात्र गल्लीकडे. "आणि डोकं बघा. उंदराने कुरतडल्यासारखं."

किल्लीवाला खाली मान घालून कानस घाशीत राहायचा. दगाबाज म्हणवून घेणं परवडलं, पण खरं सांगणं नको. खरं असं होतं, की त्याला आणि त्याच्या बायकोला एकाच दिवशी कळलं, दोघांनाही एचआयव्ही आहे. तिचं दुखणं फार पुढे गेलं होतं. ती टिकली नाही. त्याला गोळ्या लागू पडल्या. डॉक्टर म्हणायचे, "विषाणू आता तपासणीत सापडतसुद्धा नाही. घरात कोंडून घेऊ नका, माणसांत बसा." तो मान हलवायचा आणि घरी येऊन दार लावून घ्यायचा. वस्तरा, मान, एखादा ओरखडा, आणि मग वस्तादचा चेहरा. आजारापेक्षा त्या चेहऱ्याचीच धास्ती जास्त. तेवढा एकच मित्र होता.

म्हणून बायको होती तोवर तीच त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून शिवणाच्या कात्रीने केस कापायची. "हलू नका. एक कान गेला तरी दुसरा आहेच," असं म्हणून स्वतःच हसत सुटायची. मग हसू आवरून म्हणायची, "जा की वस्तादकडे. खाणार आहे का तो तुम्हाला?" तो गेला नाही. ती गेली तेव्हा वस्ताद आला, दिवसभर त्याच्या शेजारी बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला. त्यानंतर किल्लीवाला स्वतःच अंदाजाने कापू लागला. आरसा नको वाटायचा. त्यात मागे तिची जागा रिकामी दिसायची.

एके सकाळी वस्तादच्या शटरचं कुलूप अडलं. बाहेर दाढीसाठी आलेला पोस्टमन ताटकळत उभा. वस्तादने किल्ली फिरवून पाहिली, लाथ मारून पाहिली, शेवटी गल्लीकडे न बघता म्हणाला, "कुणाला कुलूप येत असेल तर बघावं."

किल्लीवाला आपली पेटी घेऊन आला. पोस्टमन म्हणाला, "तुमचं होऊ द्या, मी चहा घेऊन येतो." कुलूप गंजलं होतं. जोर लावताना पेचकस सटकला आणि अंगठ्याला लागला. रक्त आलं. शटर तेवढं उघडलं.

वस्ताद अबोला विसरला. फडकं घेऊन धावला. "दाखव इकडे."

"हात लावू नकोस."

"अरे, रक्त येतंय."

"म्हणूनच म्हणतोय. मला एचआयव्ही आहे." दोन वर्षं गिळलेलं वाक्य असं सहज बाहेर पडलं.

वस्ताद जागच्या जागी थांबला. किल्लीवाल्याने खिशातला रुमाल अंगठ्याला गुंडाळला आणि पेटी आवरायला घेतली.

"वहिनींनाही तेच?"

"हो."

"आणि मला ताप सांगितलास." वस्ताद खुर्चीच्या हातावर टेकला. मग म्हणाला, "म्हणजे तू त्या चौकातल्या सलूनवाल्याकडे जात नव्हतास?"

"कुणाकडेच नाही. आधी ती कापायची. आता मीच."

वस्तादने त्याच्या डोक्याकडे नीट पाहिलं. "तरीच. पैसे घेऊन असं कुणी कापत नाही. वहिनींचा हात बरा होता, निदान दोन्ही कान सारखे सुटायचे." मग त्याचा आवाज चढला. "पण मी दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतो, ते काय शोभेला? तुला माझ्या दुकानाचा एवढाही भरवसा नाही? बस इथे."

"वस्ताद, विचार कर."

"झाला करून. बस."

किल्लीवाला बसला. वस्तादने त्याच्यासमोर नव्या ब्लेडचं पाकीट फाडलं, फेस केला. पहिल्या गालावर त्याचा वस्तरा जरा अडखळत फिरला. दोघांनीही ते आरशात पाहिलं. दुसऱ्या गालाला येईस्तोवर हात पूर्वीसारखा झाला होता, आणि तोंडही.

"मान सरळ. दोन वर्षं वाकडी करून बसलास, आता कडक झालीय."

किल्लीवाल्याला हसू आलं. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. मागे वस्ताद उभा होता, कात्री वाजवत.

पोस्टमन चहा घेऊन परतला तेव्हा जमिनीवर केसांचा ढीग पडला होता. त्याने वाकून पाहिलं. "आधी कुणी कापले होते हो यांचे? काय ती तऱ्हा."

"होता एक शिकाऊ," वस्ताद कल्ले सारखे करत म्हणाला. "आजच काढून टाकला त्याला."